७८ मिलिलिटरचा आकडा: पहाटे लक्षात आलेल्या पक्षाघातातील परफ्युजन सीटीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण डिसेंबर २०१९ मधील, दक्षिण महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या शहरातले आहे. रुग्णालयात चोवीस तास चालणारे सीटी यंत्र होते, कॅथलॅब होती आणि मेंदूच्या धमनीतील गुठळी नळीवाटे काढण्याचा, म्हणजे थ्रॉम्बेक्टॉमीचा, अनुभव असलेले डॉक्टर होते. मी त्या सकाळी रेडिऑलॉजिस्ट म्हणून कामावर होतो. रुग्णाची ओळख पटू शकेल असे तपशील येथे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

रुग्ण ६६ वर्षांचे शेतकरी होते. रक्तदाबाची गोळी ते आठवण राहील तेव्हा घेत. पहाटे पावणेसहाला पत्नी उठवायला गेली, तेव्हा ते घराच्या पडवीत खाटेवर पडून होते, तोंड वाकडे झाले होते आणि डावा हात व पाय हलत नव्हता. सहा चाळीसला त्यांना तालुक्याच्या गावातील एका छोट्या रुग्णालयात नेले. तेथे सीटी नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो १७८/१०० होता, आणि तो उतरवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. साखर तपासली, ती १४२ होती. ॲस्पिरिन दिले नाही, कारण मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी हे ठाऊक नसताना ते देता येत नाही. पंचवीस मिनिटांत त्यांनी रुग्णाला पुढे पाठवले. हे सारे बरोबर झाले आणि ते मुद्दाम नोंदवतो, कारण पुढच्या यशाचा मोठा वाटा या पंचवीस मिनिटांचा आहे. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते: ‘रात्री दहाला झोपले तेव्हा बरे होते. असंबद्ध बडबड.’

आठ पंचवीसला रुग्ण आमच्याकडे पोहोचले. नाडी अनियमित होती आणि ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, दिसले, जे त्यांना यापूर्वी कोणी सांगितलेले नव्हते. मान व डोळे उजवीकडे वळलेले, डाव्या बाजूची जाणीव हरवलेली. मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांचाच डावा हात त्यांच्यासमोर धरून विचारले, तेव्हा “हा हात तुमचा आहे” असे ते डॉक्टरांना म्हणाले. पक्षाघाताची तीव्रता मोजणाऱ्या एनआयएचएसएस मापावर त्यांना १६ गुण मिळाले.

अडचण

पक्षाघाताच्या उपचारात घड्याळ सुरू होते ते रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला त्या क्षणापासून. गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देण्याची रूढ मुदत साडेचार तासांची आहे. नळीवाटे गुठळी काढण्याची मुदत २०१५ च्या अभ्यासांनंतर सहा तासांची धरली जात होती. झोपेतून उठताना लक्षात आलेल्या पक्षाघातात हे घड्याळ रात्रीच्या झोपेच्या वेळेवर जाऊन अडकते. दहाचा हिशेब धरला, तर हे रुग्ण दारात आले तेव्हाच सव्वादहा तास उलटून गेले होते.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी ही भिंत ओलांडण्याची वाट दाखवली. डॉन या अभ्यासात ६ ते २४ तासांमधील २०६ रुग्ण होते. तीन महिन्यांनी स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण गुठळी काढलेल्या गटात ४९ टक्के आणि केवळ औषधोपचार झालेल्या गटात १३ टक्के होते. डिफ्यूज-३ मध्ये ६ ते १६ तासांमधील १८२ रुग्ण होते आणि तेथे हेच आकडे ४५ व १७ टक्के असे आले. दोन्ही अभ्यासांत सरसकट सगळे रुग्ण घेतलेले नव्हते. मेंदूचा किती भाग कायमचा गेला आहे आणि किती भाग रक्ताविना तग धरून आहे हे प्रतिमांवर मोजून, ज्यांच्यात वाचवण्यासारखे पुष्कळ उरले होते असेच रुग्ण निवडले होते. घड्याळाच्या जागी त्यांनी ऊतींची स्थिती ठेवली. डिफ्यूज-३ ची अट अशी होती की मेलेला गाभा ७० मिलिलिटरपेक्षा कमी असावा, धोक्यातला एकूण भाग त्याच्या किमान १.८ पट असावा आणि दोहोंतला फरक किमान १५ मिलिलिटरचा असावा. डॉनची अट आणखी कडक होती: ऐंशीच्या आतील आणि १० ते १९ गुण असलेल्या रुग्णात गाभा ३१ मिलिलिटरपेक्षा कमी हवा.

म्हणून अशा रुग्णाचे सीटी तीन टप्प्यांत होते. साधा सीटी रक्तस्राव नाही ना हे सांगतो आणि मेंदूचा कोणता भाग काळवंडू लागला आहे ते दाखवतो. सीटी अँजिओग्राफी गुठळी नेमकी कुठे अडकली आहे आणि आडवाटेच्या रक्तवाहिन्या त्या भागाला किती रक्त पोहोचवत आहेत हे दाखवते. परफ्युजन सीटीत कॉन्ट्रास्टचा, म्हणजे प्रतिमेत रक्त उठून दिसावे म्हणून देतात त्या द्रवाचा, एक जोरदार झोत शिरेतून सोडून मेंदूच्या त्याच भागाच्या प्रतिमा मिनिटभर पुन्हा पुन्हा घेतल्या जातात. प्रत्येक ठिपक्यात कॉन्ट्रास्ट कधी आला, किती चढला आणि कधी ओसरला याची वक्ररेषा काढून संगणक दोन आकडे देतो. जिथे रक्तप्रवाह निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांहून खाली गेला आहे तो गाभा. जिथे कॉन्ट्रास्ट पोहोचायला सहा सेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला आहे तो धोक्यातला भाग. पडद्यावर पहिला गुलाबी दिसतो, दुसरा हिरवा.

घटनाक्रम

पहिली चार मिनिटे सुईत गेली. तालुक्याहून येताना हाताच्या पाठीवर निळी, म्हणजे २२ गेजची, कॅन्युला लावलेली होती. सलाइनसाठी ती पुरते. परफ्युजनला सेकंदाला चार ते सहा मिलिलिटर वेगाने कॉन्ट्रास्ट सोडावा लागतो आणि तो दाब ती सोसत नाही. कोपराच्या खोबणीत हिरवी, १८ गेजची, कॅन्युला नव्याने लावावी लागली.

रुग्णाला टेबलावर घेताना आमच्या तंत्रज्ञाचे लक्ष त्यांच्या पायांकडे गेले. पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळून पांढरा पडला होता आणि बोटांच्या बेचक्यांत तो अजून ओला होता. तंत्रज्ञ स्वतः शेतकऱ्याच्या घरातला. रात्री दहाला जेवून, हातपाय धुऊन झोपलेल्या माणसाच्या पायांना असा चिखल का असावा, हा प्रश्न आम्हा डॉक्टरांपैकी कोणाला पडला नव्हता. रुग्ण मधूनमधून “मोटर, मोटर” असे जड जिभेने म्हणत होते. चिठ्ठीतली ‘असंबद्ध बडबड’ ती हीच. तंत्रज्ञाने वाकून विचारले, “काका, लाईट किती वाजता आली होती रात्री?” उत्तर स्पष्ट आले: “दोनला.”

रब्बीच्या पाण्याचे दिवस होते आणि त्या आठवड्यात शेतीपंपांचा वीजपुरवठा रात्री होता. बाहेर मुलाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “डॉक्टर, पाण्याची पाळी असली की अण्णा पडवीतच झोपतात, घरातल्यांची झोपमोड नको म्हणून. आज पाळी होती की नाही, ते मला माहीत नाही.” त्याने सामाईक विहिरीवरच्या शेजाऱ्याला फोन लावला. शेजारी अडीच वाजता विहिरीवर त्यांच्याशी बोलला होता. ते नीट चालत होते, नीट बोलत होते आणि मोटर चालू करून परत गेले होते. शेवटचा धडधाकट क्षण रात्री दहावरून अडीचवर आला. साडेचार तासांची चूक दोन प्रश्नांत दुरुस्त झाली, आणि ती सीटी चालू असतानाच झाली.

साध्या सीटीत रक्तस्राव नव्हता. ॲस्पेक्ट्स या दहा गुणांच्या पद्धतीत मधल्या मेंदूधमनीच्या क्षेत्राचे दहा भाग पाहतात आणि बिघडलेल्या प्रत्येक भागासाठी एक गुण वजा करतात. अरुंद विंडोवर, म्हणजे करड्या छटांमधला फरक ठळक करून, पाहता उजवीकडचा इन्सुला आणि लेंटिफॉर्म केंद्रक पुसट झाले होते. बाकी सर्व भागांत करडा व पांढरा थर यांची सीमा टिकून होती. आठ गुण. अँजिओग्राफीत उजव्या मधल्या मेंदूधमनीचे मूळ खोड, एम-१, गुठळीने पूर्ण बंद होते. आडवाटेने येणारे रक्त बऱ्यापैकी होते. पहिल्या फेरीत फिकट दिसलेल्या फांद्या दुसऱ्या फेरीत भरून आल्या.

अँजिओग्राफी चालू असताना आणखी एक गोष्ट घडली. कॉन्ट्रास्ट महाधमनीत पोहोचला की यंत्र आपोआप सुरू होते. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जवळजवळ दहा सेकंद उशिरा सुरू झाले. तंत्रज्ञाने ते बोलूनही दाखवले. मी “बरं” म्हणालो आणि परफ्युजन ठरलेल्या साठ सेकंदांचेच होऊ दिले.

आठ मिनिटांनी संगणकाचा नकाशा आला: गाभा ७८ मिलिलिटर, धोक्यातला भाग १४२. गुणोत्तर १.८ भरत होते, फरकही ६४ मिलिलिटरचा होता, पण गाभा ७० च्या वर होता. तो नकाशा आपोआप सर्वांच्या फोनवर गेला. मी माझ्या खुर्चीत बसून वक्ररेषा उघडण्याच्या आधीच गटावर कोणीतरी ‘७८, निकषात नाही’ असे लिहिले आणि कॅथलॅबमधील चमूने तयारी थांबवली.

दोन चित्रे एकमेकांशी जुळत नव्हती. साध्या सीटीत दोन छोटे भाग बिघडलेले आणि नकाशात त्या क्षेत्राचा मोठा तुकडा गुलाबी. मी धमनीची आणि शिरेची वक्ररेषा काढली. निरोगी माणसात कॉन्ट्रास्ट चढतो, शिखर गाठतो आणि साठ सेकंदांच्या आत पुन्हा तळाशी येतो. येथे धमनीची रेषा उशिरा चढली होती आणि शिरेची रेषा साठाव्या सेकंदाला अजून उतारावर होती. चित्रण संपले तेव्हा कॉन्ट्रास्ट वाटेतच होता. हृदयाचा पंप दुबळा असला की असे होते, आणि ज्या बाजूला गुठळी आहे त्या बाजूला रक्त आधीच रेंगाळत असल्याने तिची रेषा अधिक तुटते. तुटलेल्या रेषेवरून गणित केले की तिथला रक्ताचा वाटा आहे त्याहून कमी येतो आणि तग धरून असलेला भाग मेलेला म्हणून रंगतो.

समोरचे पर्याय

नऊ वाजून सहा मिनिटांनी मेंदूविकारतज्ज्ञ, नळीवाटे उपचार करणारे तज्ज्ञ आणि मी असे तिघे एकाच पडद्यासमोर उभे होतो.

पहिला पर्याय होता आकडा मानून थांबणे. मोठा गाभा असताना रक्त पुन्हा सोडले तर मेलेल्या भागात रक्तस्राव होण्याची भीती खरी असते, आणि त्या वेळी ७० च्या वरच्या गाभ्यात गुठळी काढण्याला भक्कम पुरावा नव्हता.

दुसरा पर्याय, चित्रणाची वेळ वाढवून परफ्युजन पुन्हा करणे. कॉन्ट्रास्टचा आणखी एक डोस, आणखी किरणोत्सर्ग आणि दहा-बारा मिनिटे. हा सर्वांत शास्त्रशुद्ध पर्याय होता आणि मला तोच पटत होता.

तिसरा, एमआरआयवर डिफ्युजन चित्रण. गाभा मोजण्यासाठी ते अधिक भरवशाचे, पण रुग्ण अस्वस्थ होते, डाव्या बाजूचे भान नसल्याने सारखे उठू पाहत होते आणि खोली बदलून चित्रण व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागली असती.

चौथा, नकाशा बाजूला ठेवून साधा सीटी, आडवाटेचे रक्त आणि रुग्णाची अवस्था यांवर निर्णय घेणे.

शिरेतून औषध देण्याचाही विचार झाला. २०१९ च्या एक्स्टेंड अभ्यासाने परफ्युजनच्या आधारे नऊ तासांपर्यंत ते देण्याची शक्यता दाखवली होती. परंतु त्यातही गाभा ७० च्या आत असण्याची अट होती आणि आमच्या हातातला गाभ्याचा आकडाच शंकास्पद होता. शिवाय कॅथलॅब शेजारी होती. तो विचार लवकर सोडला.

निर्णय

येथे अडीच वाजताची ती माहिती कामाला आली, जरा अनपेक्षित रीतीने. पक्षाघात अडीच ते पावणेसहा या दरम्यान केव्हातरी झाला होता. तो अडीचच्या लगेच नंतर झाला असे धरले, तर ७८ मिलिलिटर मेंदू सहा तासांपूर्वीच मेलेला असायला हवा होता आणि एवढा मोठा भाग साध्या सीटीत काळा दिसायला हवा होता. तो दिसत नव्हता. उलट तो पहाटे पाचच्या पुढे झाला असे धरले, तर ताज्या अडथळ्यात परफ्युजनचा नकाशा गाभा फुगवून दाखवतो हे माहीत होते. ज्या भागात प्रवाह फार कमी आहे पण पेशी अजून जिवंत आहेत, तो भागही त्यात गाभा म्हणून मोजला जातो. दोन्ही टोकांनी विचार केला तरी ७८ टिकत नव्हता. रात्री दहाचाच हिशेब राहिला असता, तर आमच्यापैकी एकाने तरी “इतके तास झालेत, आकडा खरा असेल” असे म्हटले असते, असे मला आजही वाटते.

पुन्हा परफ्युजन करण्याचा माझा आग्रह नळीवाटे उपचार करणाऱ्या सहकाऱ्याने एका प्रश्नाने मोडून काढला: “दुसरा आकडा साठ आला तर आपण काढणार, ऐंशी आला तर सोडून देणार आहोत का?” ॲस्पेक्ट्स आठ आणि आडवाटेचे रक्त चांगले असताना ऐंशी आला असता तरी आम्ही त्यावर विश्वास ठेवला नसता. ज्या तपासणीच्या उत्तराने निर्णय बदलणार नाही, तिच्यासाठी दहा मिनिटे खर्च करणे योग्य नव्हते. चौथा पर्याय ठरला.

मुलाला शेजारच्या खोलीत बसवून सांगितले की संगणकाचा आकडा विरुद्ध आहे, आम्हाला तो चुकीचा वाटतो, का वाटतो, आणि आमचा अंदाज चुकला तर रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो. त्याने एकच विचारले, “काढलं नाही तर?” मेंदूविकारतज्ज्ञांनी सरळ सांगितले की डावी बाजू बहुधा परत येणार नाही आणि मेंदूला सूज येऊन जिवाला धोका होऊ शकतो. नऊ वाजून एकोणीस मिनिटांनी सही झाली.

परिणाम

जांघेतील धमनीत सुई नऊ चव्वेचाळीसला गेली. पहिल्याच प्रयत्नात लालसर-काळी, सेंटीमीटरभर लांबीची गुठळी जाळीत अडकून आली आणि दहा बारा वाजता उजव्या बाजूच्या जवळपास सर्व फांद्या भरल्या. टेबलावरच डावा पाय हलला.

चोवीस तासांनी एनआयएचएसएस १६ वरून ७ वर आला होता आणि साध्या सीटीत रक्तस्राव नव्हता. इकोत हृदयाची पंपिंग क्षमता ३० टक्के निघाली. वक्ररेषेचा उशीर तिथून आला होता. तिसऱ्या दिवशीच्या एमआरआयवर कायमचा गेलेला भाग ३१ मिलिलिटर होता, मुख्यतः इन्सुला आणि लेंटिफॉर्म केंद्रकात, म्हणजे साध्या सीटीने आठ गुण देताना बोट ठेवले होते तिथेच. अंतिम इजा संगणकाच्या गाभ्याच्या निम्म्याहूनही कमी भरली. सहाव्या दिवशी रक्त पातळ ठेवण्याचे औषध सुरू केले, नवव्या दिवशी घरी सोडले.

तीन महिन्यांनी ते आधाराशिवाय चालत होते आणि स्वतःची कामे स्वतः करीत होते. डाव्या हाताची बोटे जड राहिली. सदऱ्याची गुंडी लावताना वेळ लागे. रात्रीच्या पाण्याची पाळी आता मुलाकडे आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक माझी. कॉन्ट्रास्ट दहा सेकंद उशिरा पोहोचला हे परफ्युजनच्या आधी दिसले होते, नाडी अनियमित आहे हे त्याआधी ठाऊक होते, आणि तंत्रज्ञाने ते तोंडाने सांगितलेही होते. त्याच क्षणी चित्रण साठ सेकंदांऐवजी नव्वद सेकंदांचे केले असते, तर वक्ररेषा पूर्ण मिळाली असती आणि पुढचा वादच उद्भवला नसता. त्यानंतर आम्ही क्रम पक्का केला: अँजिओग्राफी आधी, तिच्यात उशीर दिसला किंवा ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन असले की परफ्युजनची वेळ तंत्रज्ञाने स्वतःच्या अधिकारात वाढवायची, माझ्या होकाराची वाट पाहायची नाही.

दुसरी गोष्ट आकड्याच्या प्रवासाची. फोनवर गेलेल्या नकाशासोबत वक्ररेषा गेली नव्हती. कॅथलॅबची तयारी त्यामुळे तेरा मिनिटे थांबली. आता वक्ररेषा पाहून रेडिऑलॉजिस्टने ‘ग्राह्य’ किंवा ‘अग्राह्य’ लिहिल्याशिवाय त्या आकड्यावर कोणी तयारी थांबवत नाही.

तालुक्याच्या रुग्णालयात रुग्ण सहा चाळीसला होते, म्हणजे अडीचपासून चार तास दहा मिनिटांवर. तेथे सीटी असता आणि ती वेळ कोणी विचारली असती, तर शिरेतून औषध देण्याची संधी वीस मिनिटांची का होईना, होती. सीटी आणणे त्या डॉक्टरांच्या हातात नव्हते. पण निघताना एक फोन आणि कोपरात हिरवी कॅन्युला, एवढ्याने आमच्याकडची सात-आठ मिनिटे वाचली असती. हे त्यांना नंतर भेटून सांगितले, आणि त्यांनी त्याच दिवशी हिरव्या कॅन्युला मागवून घेतल्या.

या प्रकरणात परफ्युजनची गरज होती का, हा प्रश्न त्यानंतरच्या वर्षांनी अधिक टोकदार केला आहे. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील एमआर क्लीन लेट अभ्यासाने ६ ते २४ तासांमधील रुग्ण अँजिओग्राफीतील आडवाटेच्या रक्तावरून निवडले आणि तेथेही गुठळी काढल्याचा फायदा दिसला. त्याच वर्षी सिलेक्ट-२ मध्ये मोठा गाभा असलेल्या रुग्णांतही स्वावलंबी होणाऱ्यांचे प्रमाण ७ वरून २० टक्क्यांवर गेले. आज ७८ हा आकडा खरा निघाला असता, तरी तेवढ्यावरून आम्ही मागे फिरलो नसतो. तरीही मी परफ्युजन सोडलेले नाही: साध्या सीटीत फारसे काही दिसत नसते, गुठळी दूरच्या बारीक फांदीत असते किंवा लक्षणे पक्षाघाताची आहेत की फिट येऊन गेल्यानंतरची अशी शंका असते, तेव्हा तो नकाशा अनेकदा वाट दाखवतो.

वेळ विचारण्याच्या आमच्या तक्त्यात ‘शेवटचे बरे कधी दिसले?’ या ओळीखाली तंत्रज्ञाने सुचवलेल्या तीन ओळी आता छापलेल्या आहेत: रात्री लघवीला उठले होते का, कोणाशी फोनवर बोलले होते का, पाण्याची पाळी होती का.